टिलफर्डची बाजारपेठ आणि एकोणीस गाड्या

तीर्थरूप ऑर्व्हिलमामांना,

टिलफर्डहून तुमच्या लाइलचा टोपी काढून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी मीठ बंद केलंय असं कळलं. म्हणजे आता उरलेलं सगळं तुम्ही आमच्या संघाच्या जखमेवरच चोळणार.

इकडे कॉलेजला फुटबॉलच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे बड्या कॉलेजांच्या साखळीत, शिरायचं वेड लागलंय. शिरलो तर टीव्हीचा पैसा येईल, विमानाने ॲरिझोनापर्यंत जाऊन हरता येईल (सध्या बसने जाऊन हरतो), आणि बारा मैलांवरच्या, तुम्ही शिकलात त्या मार्लो कॉलेजशी एक्क्याण्णव वर्षं चाललेला नोव्हेंबरचा सामना बंद होईल. तारखाच उरणार नाहीत. आमचे अध्यक्ष प्रुएटसाहेब म्हणाले, "मार्लोत आहेच कोण बघायला?" मी पडलो तिकीट खिडकीचा प्रमुख. मी मान हलवली.

अडचण एवढीच, की संघ कसा खेळतो याच्याशी कॉन्फरन्सला काही देणंघेणं नाही (नशीब आमचं). त्यांना बाजारपेठ हवी, म्हणजे संघामागे टीव्ही असलेली घरं किती ते सांगा. आमच्या जिल्ह्यात चार हजार एकशे बारा, त्यातली निम्मी फक्त हवामान बघतात. मग साहेबांनी नकाशा पसरला, टिलफर्डवर कंपासचं टोक रोवलं आणि विचिटा आत येईपर्यंत वर्तुळ वाढवत नेलं. विचिटा दीडशे मैलांवर आहे आणि तिथे तुम्ही राहता म्हणून, एरवी आमचं नावही कोणाला ठाऊक नाही, पण वर्तुळाला त्याचं काय!

हे वर्तुळ तपासायला कॉन्फरन्सने हॅव्हरकँपबाई नावाच्या सल्लागार पाठवल्या. त्यांची पद्धत साधी. सामन्याच्या दिवशी गाड्या लावायच्या मैदानात फिरायचं आणि नंबरप्लेटवरची जिल्ह्याची दोन अक्षरं वहीत टिपायची. मला सुगावा लागला होताच. विचिटातल्या जुन्या विद्यार्थ्यांना फुकट तिकिटाचं आमिष दाखवून मी एकोणीस गाड्या पहिल्या रांगेत उभ्या केल्या. सामन्याआधीच्या रिवाजाप्रमाणे डिक्या उघडल्या, शेगड्या पेटल्या, मांसाचा धूर सुटला, बाई खूश झाल्या. तेवढ्यावर थांबायचं ना! पण त्यांनी एका शेगडीवाल्याला विचारलं, "एवढ्या लांबून दर शनिवारी येता?"

"छे हो! आईच्या अंगणातलं गवत कापायला आलोय. तिकीट फुकट होतं."

दुसरा बापाचा ट्रॅक्टर दुरुस्त करायला आला होता, तिसरी काकूच्या वाढदिवसाला. एकोणिसावी गाडी माझ्या सख्ख्या बहिणीची निघाली आणि तिने बाईंसमोरच मला मिठी मारली. बाईंनी वही मिटली. "लाइल, याला बाजारपेठ म्हणत नाहीत. ही तुमच्या गावची भाचरं आहेत."

साहेब रडकुंडीला आले. तेव्हा बाईंनी शेवटची संधी दिली: येत्या शनिवारी विचिटातल्या किती घरांत आमचा सामना लागतो ते मोजणीच्या डब्यांवरून (टीव्हीवर काय लावलंय ते टिपणारे डबे) बघणार आणि आम्हाला घ्यायचं का यावर मंगळवारी मतदान. बाकी सगळं ठीक. प्रकृतीला जपा.

तुमचा भाचा,
लाइल

ता.क. असा डबा विचिटात मोजक्याच घरांत आहे. त्यातला एक तुमच्या टीव्हीशेजारी आहे, हे मामींच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवताना तुम्ही अगदी गुपित म्हणून आम्हा चौदा जणांना सांगितलं होतं. तर शनिवारी अडीचला आमचा सामना लावा. बघू नका हवं तर, भिंतीकडे तोंड करून बसा. डब्याला तुमच्या मनातलं कळत नाही. (साहेब खांद्यामागे उभे आहेत.)

ता.क. दोन. साहेब जेवायला गेले. मामा, मामी गेल्यापासून तुम्ही वर्षातून एकदाच गाडी काढून इकडे येता, तेही मार्लोच्या सामन्याला. चार तास माझ्या शेजारी बसून आमच्या पोरांना शिव्या घालता, आणि तेवढं बोलून वर्षभर गप्प राहता. तो सामना गेला तर तुम्हाला बोलवायचं कशाला? नुसतं भेटायला या म्हटलं, तर तुम्ही "मला काय झालंय?" म्हणून फोन ठेवाल, आणि "मला करमत नाही" हे मला फोनवर म्हणता येणार नाही.

शनिवारी टीव्ही बंद ठेवा.