वाढणाऱ्याला वाट

आबा,

गेल्या रविवारी मी पाचगणीला नऊ ताटल्या जेवलो आणि उपाशीपोटी घाट उतरलो. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही पहिलं विचारलं असतं, "वाढत कोन व्हतं?" जेवण कसं होतं हे तुम्ही कधी विचारलंच नाही. लग्नाहून आलो, बारशाहून आलो, तुमचा प्रश्न एकच. लहानपणी मला त्याचा राग यायचा. आज तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, माझी स्वतःची नोकरी संपायला दीड वर्ष राहिलंय, आणि त्याच जुन्या रागानं मी हे लिहायला बसलोय. राग नक्की कुणावर आहे ते लिहिता लिहिता ठरेल.

आधी जेवणाचं सांगतो, नाहीतर माझं डोकं शांत व्हायचं नाही. तुमच्या नातीचं लग्न जमत आलंय. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, मुलगाही तिथलाच. मुलाचे वडील डॉक्टर. माणसं चांगली आहेत, त्यात मला काही बोलायचं नाही. मुलांची पसंती झालीच आहे तर आपण चौघं मोठी माणसं एकदा निवांत भेटू, असा त्यांचा फोन आला. मला वाटलं सांगलीला येतील, भडंग खातील, ही भरली वांगी करेल, दुपारी गणपतीला जाऊन येऊ, झालं. पण नाही. त्यांच्या ओळखीच्या एक बाई वीस वर्षं इंग्लंडात राहून परत आल्यात आणि त्यांनी पाचगणीत एका जुन्या बंगल्यात जेवणाची सोय केलीय. हॉटेल म्हटलेलं त्यांना आवडत नाही. तिथं काय खायचं हे आपण ठरवायचं नसतं, त्या ठरवतात. दूध, दही, तूप, लोणी यांतलं काहीही नाही. मधसुद्धा नाही, कारण तो मधमाश्यांचा. याला व्हीगन म्हणतात म्हणे. बाई आमच्या टेबलापाशी हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या जेवणासाठी कुठल्याही जिवाला त्रास झालेला नाही." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

पहिल्या ताटलीत काकडीची एक चकती आली आणि तिच्या शेजारी हिरव्या रसाचे तीन थेंब. ताटली मात्र आपल्या परातीएवढी. ती उचलून नेली आणि भातुकलीतल्या कपात बिटाचं गार सूप आलं. मग राखेत भाजलेलं एक गाजर. त्या गाजराबद्दल बाई इतकं बोलल्या की तेवढ्या वेळात आईनं चुलीत चार वांगी भाजून, सोलून, कांदा घालून भरीत वाढलं असतं. मग काजूचं चीज. मग एक आळंबी, तिचे चार तुकडे, माणशी एक. मधेच लिंबाचा बर्फ, तोंड धुऊन निघावं म्हणून. तोंडात काही गेलं असतं तर धुतलं असतं! दात कोरून पोट भरतं का आबा? ही माझ्या शेजारी बसली होती. तिला भूक लागली की तिच्या बांगड्यांचा आवाज वाढतो, तसा वाढला होता. शेवटी तिनं विचारलंच, "पुढं भात आहे का हो? आणि थोडं ताक?" बाई हसून म्हणाल्या, "भात आहे, पण ताक आम्ही ठेवत नाही." त्यावर ही म्हणाली, "मग तो कालवायचा कशाशी?" होणाऱ्या विहीणबाई खाली बघून हसल्या. मला उगीचच अपमान झाल्यासारखं वाटलं.

पण खरं सांगायचं तर या सगळ्यात मी अडखळलो कुठंच नाही. एवढे काटे, एवढ्या सुऱ्या मांडलेल्या, डॉक्टरसाहेबही एकदा बायकोच्या हाताकडं बघून काटा बदलताना मी पाहिले. मी बाहेरच्या काट्यापासून आत येत गेलो, सुपाचा चमचा माझ्यापासून लांब नेत गेलो, संपल्यावर काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवत गेलो. तुम्ही रिटायर होऊन गावी आलात तेव्हा मिलिटरीच्या मेसमधल्या साहेबलोकांनी तुम्हाला काटा, सुरी आणि चमचा असा एक संच भेट दिला होता. फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला. आम्ही तीन भावंडं आणि संच एक, म्हणून पाळीपाळीनं शिकायचं. आई आमटी करायची आणि तुम्ही तिला सूप म्हणून वाढायचात. "चमचा लांब न्यायचा रं, घमेलं वडल्यागत सवताकडं वडू नगं." भाकरी सुरीनं कापायची. शेजारची पोरं दारातून बघायची आणि मी भाकरीत तोंड लपवायचो. आणि सगळ्यात मोठा तुमचा धडा म्हणजे वाढणाऱ्याचा. वाढणारा डावीकडनं येतो, म्हणून तो आला की आपण अंग उजवीकडं घ्यायचं. "त्येच्या हातात गरम असतंय. त्येला वाट द्यायची." हे न चुकता व्हावं म्हणून तुम्ही आमटीचं भांडं घेऊन पाठीमागून गुपचूप यायचात, आणि मी सरलो नाही तर टपली मारायचात. तुमच्या डाव्या मनगटावरचा तो चकचकीत डाग मी रोज बघायचो. एक तरुण साहेब गोष्ट सांगता सांगता हात फेकून वळला आणि सूप तुमच्या हातावर आलं, एवढंच तुम्ही सांगितलं होतंत. "मंग? त्यो काय म्हनला?" असं मी विचारलं तर म्हणालात, "त्यो कशाला म्हनंल? म्या सॉरी म्हनलं. हातमोजा आधी काडायचा, न्हाईतर कातड्याला चिकटतो."

आता मी तुमच्यावर का चिडतो ते ऐका. आपल्या गावात घरटी एक माणूस मिलिटरीत. कुणाला गोळी लागलेली, कुणाची बोटं गेलेली. तुम्ही नुसते गप्प बसला असता तरी चाललं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तुमची मूठ कायम उघडी. सव्वीस जानेवारी आहे, शाळेच्या पटांगणात झेंड्याखाली गुरुजींनी तुम्हाला उभं केलंय, पोरांना लढाईची एखादी गोष्ट सांगा म्हणून. मी सातवीत, तिसऱ्या रांगेत, छाती फुगवून बसलोय. आणि तुम्ही सांगताय, "बंदूक म्या शिकताना चालवली तेवडीच. पुडं बावीस वर्सं म्या वाढलं." मग तुम्ही सांगताय की चाळीस साहेबांना एकदम सूप वाढायचं आणि शेवटच्या साहेबालाही ते गरम मिळायला हवं, तर आधी ताटल्या गरम कराव्या लागतात. हातवारे करून सांगताय. मागून कुणीतरी म्हणतं, "चमचा!" आणि सगळं पटांगण हसतं. तुम्हीही हसता. त्या दिवसापासून मॅट्रिक होईपर्यंत मी चमच्याचं पोरगं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? सांगलीला पाटबंधाऱ्यात चिकटल्यावर मी एक वाक्य तयार केलं: वडील मिलिटरीत होते. ते खोटं नाही. त्याच्यापुढं कुणी विचारत नाही. तीस वर्षं ते वाक्य चाललं.

रविवारीही चाललं असतं. डॉक्टरसाहेबांनीच त्या बाईंना अभिमानानं सांगितलं, "यांचे वडील फौजी होते बरं का. सातारी रक्त!" मी नेहमीप्रमाणे मान डोलावली. इतका वेळ वाढत होता तो माणूस पन्नाशीच्या पुढचा, पांढरे हातमोजे घातलेला, वाईकडचा असावा. डावीकडनं वाढत होता, उजवीकडनं उचलत होता, ताटलीचा आवाज होऊ देत नव्हता. लिंबाच्या बर्फाच्या वाट्या उचलताना तो माझ्यापाशी थांबला आणि अगदी आनंदानं म्हणाला, "साहेब, तुमचं वडील मेसमधी व्हते काय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आबा, त्याच्या प्रश्नात टिंगल नव्हती. गाववाला भेटल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. मी म्हणालो, "नाही. सुभेदार होते. लढाईवर होते."

"व्हय का," तो म्हणाला. "मंग माजीच चूक. काय हाय साहेब, म्या वाढाय आलो की चौघांत तुमी एकलंच उजवीकडं सरताय. म्हनून वाटलं. आमी बी मेसचंच." आणि वाट्या घेऊन गेला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सुभेदार! वा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत." हिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

सातवं काय होतं, तर गरम सूप. एवढ्या वेळात पहिली गरम गोष्ट. तो वाढणारा सुपाचा डोंगा आणि पळी घेऊन माझ्या डावीकडनं आला. चोराच्या मनात चांदणं. मला तो आलेला कळला. पाठीला कळतंच ते, तुमच्या टपल्या खाल्लेल्या पाठीला. अंग आपोआप उजवीकडं निघालं होतं, ते मी धरून ठेवलं. ताठ बसलो. नुसता ताठ बसलो नाही, डॉक्टरसाहेबांना काहीतरी सांगायचं निमित्त काढून साहेबासारखा डावा हात हलवला. कोपर डोंग्याला लागलं. माझ्या शर्टावर दोन थेंब उडाले, बाकीचं त्याच्या हातावर गेलं.

तो ओरडला नाही. डोंगा आधी सावकाश टेबलावर ठेवला, मग दातांनी हातमोजा ओढून काढला, आणि म्हणाला, "सॉरी साहेब." बाई धावत आल्या, त्याला म्हणाल्या, "जरा बघून वाढत जा ना!" आणि माझा शर्ट पुसायला रुमाल दिला. मी शर्ट पुसला. माझं चुकलं हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. पुढं दोन डाव नारळाच्या दुधातला भात आला, मग मिरपूड टाकलेली एक स्ट्रॉबेरी, तीही उभी चिरून अर्धी. ते दुसऱ्याच कुणीतरी आणून ठेवलं, उजवीकडनं. डॉक्टरसाहेबांनी लग्न मार्गशीर्षात करायचं म्हटलं, आम्ही हो म्हटलं. माणसं खरंच चांगली आहेत. मी मेस म्हटलं असतं तरी त्यांनी हो म्हटलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

घाट उतरून वाईच्या स्टँडवर हिनं तीन बटाटेवडे खाल्ले. मला एकही जाईना. वडे खाऊन झाल्यावर हात पुसत म्हणाली, "मेल्यावर बढती दिलीत आबांना." एवढंच. आता लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावामागं कैलासवासी सुभेदार छापायचं काय, असा डॉक्टरसाहेबांचा सोमवारी फोन होता. मी बघतो म्हणालो. पत्रिका छापायला जाण्याआधी मला त्यांना फोन करायला हवा. घरच्या फोनला एसटीडी नाही, म्हणून तीन दिवस कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून जातोय, आत माणसं असतात म्हणून परत येतोय. आज कुणीच नव्हतं.

तो फोन न करता मी हे पत्र लिहीत बसलोय, आणि हे तर कुणालाच पाठवायचं नाही. कपाटात ठेवलं तर हिच्या हाती लागेल. लागू दे. तिला सगळं माहीतच आहे, एक गोष्ट सोडून. ती तेवढी तुम्हाला सांगतो.

निघण्याआधी मी हात धुवायचं निमित्त काढून मागच्या बाजूला गेलो होतो. तो मोरीवरच्या नळाखाली हात धरून उभा होता. मनगट लाल झालं होतं. मला बघून म्हणाला, "काय न्हाई साहेब, सवय हाय. तुमी कशाला आलासा?" आणि माझ्यासाठी नळापासून बाजूला झाला. मला वाट दिली त्यानं. मी नळ आणखी सोडला, पूर्ण सोडला, मोरीतल्या पत्र्यावर पाण्याचा धडधड आवाज व्हायला लागला. आणि मग म्हणालो, "होते. मेसमध्येच होते. वाढायला."

"आं?" तो म्हणाला. "काय म्हनला साहेब?"

मी म्हणालो, "काही नाही."