घुमटीवर काय बसवायचं

मद्रास, एप्रिल १९५८
मंगळवार, संध्याकाळ

मुरुगेसन सुतार आज परत आला होता. आवडी गावापलीकडच्या आमच्या शेतावरच्या घराचं छप्पर झालंय, फक्त मधली घुमटी राहिलीय, गरम हवा बाहेर जायला ठेवलेली. तिच्यावर वारा दाखवणारं काय बसवायचं, एवढंच विचारायचं होतं त्याला. कोंबडा, मासा की नुसता बाण? तिन्ही चित्रं घेऊन आला.

घुमटी ह्यांच्या मनातली. झटका येण्याआधी महिनाभर तिचेच नकाशे काढत होते. आता वाचा गेली, उजवा हात गेला. मी चित्रं पुढे धरली. कोंबडा? मान हलवली, हो. मासा? पुन्हा हो. बाणालाही हो. मग मुद्दाम विचारलं, काहीच नको? त्यालाही तशीच मान हलवली. ह्यांना कळत नाही, की मलाच कळत नाही?

मग डाव्या हातानं पेन्सिल ओढून घेतली आणि नकाशातल्या घुमटीवरच आडवी रेघ मारली. नको म्हणायचं होतं, की हात घसरला?

"अम्मा, उद्या सांगा," मुरुगेसन हळूच म्हणाला. "नको असेल तर पावसाच्या आत छपरातलं भोक बुजवून टाकतो."

उद्या काय सांगू? तीस वर्षं घरातलं सगळं ह्यांनीच ठरवलं. तुला काय हवं, असं ह्यांनी कधी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. तो गेल्यावर तासभर चित्रं पुढ्यात घेऊन बसले. तिन्हींतलं मला कुठलं आवडतं, तेसुद्धा सांगता येईना.