कुंदाताई, तुझ्या जागेवर मी कशी बसू?

माझ्या कुंदाताईले,
जय भीम.

तुले कधी चिठ्ठी लिहायचं कामच पडलं नाही वं. सुपरवायझर असूनही बाजूच्याच मशीनवर तं बसायची तू. काही सांगायचं असलं की मी नुसती कोपरानं ढोसायची. आज लिहून राहिली कारण उद्या सोमवार आहे, अन् उद्या साहेबाले उत्तर द्यायचं आहे. शिलाईच्या लाइनची सुपरवायझर हो म्हणून राहिले ते मले. तुझ्या जागेवर! हाव म्हणू का नाही म्हणू, हे मी तुलेच विचारलं असतं. आता कोणाले विचारू, सांग?

दुपारचं जेवण झालं. पोट्टी झोळीत झोपली आहे. सासूबाई दारात बसून लसूण सोलून राहिल्या. मले म्हणाल्या, "काय लिहून राहिली वं एवढं? नवऱ्याले सोडून राहिली का?" मी म्हटलं, कुंदाताईले लिहून राहिली. मंग लसणाचं सूप जवळ ओढलं त्यायनं. सातवीनंतर माझी शाळा सुटली हे तुले माहीत आहे. चुकलं तं हसजो, पण वाचजो.

माझी चिऊ तू पाहिलीच नाही, ताई. तिच्यासाठी कटिंगच्या उरलेल्या कपड्याचे झबले शिवून पाठवले होते तू. निळे, त्याच्यावर पांढऱ्या रेघा. शर्टाचा कपडा असल्यानं पोट्टी लहानशी बाबूच दिसायची! नाव ठेवायच्या कार्यक्रमाले येते म्हटलं होतं तू. मी वाट पाहिली. तुझी पोरगी निशा आली, ती तू गेल्याची बातमी घेऊन.

तुझ्या पुण्यानुमोदनाले मी चिऊले घेऊन आली होती. तुझा फोटो ठेवला होता, समोर मेणबत्त्या. तिथं निशानं सांगितलं, "आईच्या छातीत बरेच दिवसांपासून कळ यायची. आम्हाले म्हणायची, कोणाले सांगू नका, लाइनवर उगीच बोभाटा होईन."

काहून वं ताई? काहून नाही सांगितलं?

सकाळी मशीनी सुरू व्हायच्या आधी तू साऱ्या लाइनवरून एक चक्कर मारायची. एकेकीच्या खांद्यावर हात ठेवायची अन् विचारायची, "घरी काय?" बस, एवढंच. कोणाचा नवरा पिऊन आला, कोणाचं पोरगं तापलं, कोणाची पाळी आली, सारं तुले तिथंच कळायचं. मंग तू जागा फिरवायची. जिचं मन थाऱ्यावर नाही तिले दोरे कापाले बसवायची, अन् जी रातची नीट झोपली तिले कॉलरवर. कॉलर म्हणजे शर्टाचा जीव, हे तूच म्हणायची. नवऱ्याशी भांडून आलेल्या बाईच्या हातात तू कधी कॉलर दिली नाही. आम्ही हसायचो. मालतीबाई म्हणायची, "कुंदे, मी तं रोजच भांडून येते, मले काय घरीच बसवशील?" तू म्हणायची, "तू भांडून आली नाही तं मले काळजी वाटते."

साऱ्या लाइनले "घरी काय" विचारणारी तू. तुले कोणी विचारलं नाही, अन् तू सांगितलं नाही. याचा मले राग येते. खरंच येते. रडू नंतर येते, आधी राग येते.

मी बाळंतपणाच्या सुट्टीवरून परत आली तं कारखाना तोच होता. शेड तीच, पंखे तेच. पण बसमध्ये चढली अन् पाय मागं आले माझे. तू प्रताप नगरले चढायची, मी बेस्यावर चढेपर्यंत माझ्या जागेवर तुझा डबा ठेवलेला राहायचा. आता तिथं कोणीही बसते. बुटीबोरीचा कारखाना येईपर्यंत मी खिडकीच्या बाहेर पाहते, कोणी बोलू नाही म्हणून.

नवीन साहेब आले आहेत, ताई. तरणे आहेत. वाईट नाहीत, हे आधीच सांगते. पंखे दुरुस्त करून घेतले, पाण्याची मशीन लावली. चिऊले अंगावर पाजते म्हणून मले दुपारी दूध काढाले खोली उघडून दिली. पण त्यायनं लाइनच्या तोंडाशी एक बोर्ड लावला. प्रत्येकीची मशीन पक्की, प्रत्येकीचं नाव बोर्डवर, नावासमोर दिवसभराचे पीस. जास्त झाले तं हिरवं, कमी झाले तं लाल. ते म्हणाले, "रोज जागा बदलली तर कोणाचं काम कसं आहे ते मला कळणार कसं?" त्यायचंही बरोबर आहे नं. त्यायले कुठं माहीत होतं तू काय करायची? सारं तुझ्याच डोक्यात होतं. तू तरी कोणाले शिकवलं, सांग? मी एवढी बाजूले बसायची, मलेही नाही.

मंग काय झालं माहीत आहे? मोठ्या मापाच्या कॉलरी लहान मापाच्या शर्टाले लागल्या. कॉलरवर संगीता होती. तिचं पोरगं दवाखान्यात भरती होतं अन् ती कोणाले न सांगता कामावर आली होती. तिच्या पुढच्या बाईनं पाहिलं की कॉलर बसून नाही राहिली, चुण्या पडून राहिल्या. पण मशीन थांबवली तं तिचं नाव लाल होईन. तिनं पुढं ढकललं. तिच्या पुढचीनंही. आपली लाइन, ताई! जिथं दोरा सुटला तरी सहा बाया ओरडायच्या, तिथं साऱ्याजणी माना खाली घालून शिवत होत्या. चेकिंगच्या टेबलावरून गठ्ठेच्या गठ्ठे परत आले.

साहेबानं साऱ्यायले उभं केलं. आम्हाले वाटलं आता ओरडतीन. पण ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मशीनी त्याच, बाया त्याच. कुंदाबाईंच्या वेळी ही लाइन सगळ्यात पुढे असायची. मग बदललं काय?"

मंग मालतीबाई म्हणाली, "साहेब, आता कोणी विचारत नाही."

"काय विचारत नाही?"

"घरचं."

साहेबाले काही समजलं नाही. मालतीबाईनं त्यायले तुझं सारं सांगितलं, हात ठेवण्यापासून तं जागा फिरवण्यापर्यंत. ते ऐकत राहिले. मंग म्हणाले, "त्यांच्या बाजूला कोण बसायचं?" साऱ्यायनं माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "प्रणाली, दोन दिवस तुम्ही करून बघा. मग सोमवारी मला सांगा, सुपरवायझर व्हायचं का."

शुक्रवारी मी तुझ्यासारखी चक्कर मारली. तुझ्यासारखाच हात ठेवला, तुझ्यासारखंच विचारलं. अन् काय उत्तरं आली, माहीत आहे?

"बरं आहे."

"मस्त आहे."

"लय मोठी ताई झाली वं प्रणाली, कालपर्यंत बॉबिन भरता येत नव्हती."

संगीता तं म्हणाली, "घरचं सांगितलं तं तेही बोर्डवर लिहिशील का?"

एकीनंही सांगितलं नाही. मी कोणाची जागा कशी फिरवू? त्या दिवशी अर्ध्या लाइनची नावं लाल होती. दूध काढायच्या खोलीत बसून मी रडली. थेंब नाही आलं दूध. घरी आली तं चिऊ सासूबाईच्या कडेवर होती. मी हात पुढं केले, तिनं तोंड फिरवून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "झोपेत आहे, म्हणून." झोपेत नव्हती, ताई. मले टकटक पाहून राहिली होती.

तेव्हापासून भेव लागून राहिलं. सुपरवायझर झाली तं यायले अजून उशीर. पोट्टी मले ओळखीन का? लाइन मागं राहिली तं खापर माझ्या डोक्यावर. अन् सारंच मनात ठेवत गेली तं मीही एक दिवस तुझ्यासारखी... ते लिहीत नाही.

काल शनिवारी मी चक्कर मारलीच नाही. हिंमतच झाली नाही. लाइनच्या मधात उभी राहिली अन् काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं तं निघून गेलं तोंडातून, "मले भेव लागून राहिलं. माझी पोट्टी माझ्याकडे येऊन नाही राहिली. दूध आटून राहिलं. आज माझ्या हातानं बटणही नीट लागणार नाही, मले नका सांगू."

मले वाटलं, संपलं आता.

मंग मालतीबाई ओरडली, "तं तिथं खांबासारखी काहून उभी आहे? ये इकडे, दोरे काप!" अन् साऱ्या हसल्या. हसणंच आलं पहिले, ताई. मंग संगीता म्हणाली, "माझं पोरगं घरी आलं, पण रातभर खोकलते. मले कॉलर नका देऊ आज." तिच्या मागची म्हणाली, "मी घेते कॉलर, माझा नवरा गावाले गेला, मस्त झोपली मी." आणखी हसल्या. बाया आपापल्याच उठून राहिल्या, आपापल्या जागा बदलून राहिल्या. मी कोणाले काही सांगितलं नाही. मी दोरे कापत होती!

साहेब आले तं साऱ्या जागा इकडच्या तिकडे. ते बोर्डपाशी खडू घेऊन उभे. म्हणाले, "आता मी नावं कशी लिहू?" मी म्हटलं, "साहेब, एकेकीचं नका लिहू. साऱ्या लाइनचं मिळून लिहा." त्यायनं विचार केला. म्हणाले, "बघतो. पण एक सांगा. कुंदाबाई गेल्या आणि त्यांच्यासोबत सगळं गेलं. उद्या तुम्ही नसाल तर काय?"

घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. बोचलं मले, ताई, कारण खरं होतं. तू एवढी चांगली होती की आम्हाले तुझ्याशिवाय काहीच करता येईना. हे तुले सांगू नये, पण कोणीतरी सांगाले पाहिजे.

तू असती तं आज म्हटलं असतं, "हाव म्हण वं, मी आहे नं." अन् मी म्हटलं असतं. तू नाही म्हणूनच एवढी चिठ्ठी झाली. तुझ्या हाताचं वजन अजून खांद्यावर वाटते मले, सकाळी मशीनी सुरू व्हायच्या आधी. रोज वाटते. मागं वळून पाहते, कोणी नसते.

तं ऐक, काय ठरवलं ते. उद्या मी हाव म्हणीन. पण तुझ्यासारखी सुपरवायझर नाही होणार. तशी मले जमणारही नाही. सकाळचं विचारायचं काम एका बाईचं नाही राहणार. दर आठवड्याले दुसरी विचारीन. मालतीबाई विचारीन, संगीता विचारीन, कालपरवा लागलेली पोरगीही विचारीन. मी घरी राहिली तरी लाइन थांबणार नाही. साहेबाले हेच सांगीन. अन् चिऊ मले ओळखाले लागेपर्यंत उशिरा थांबणार नाही, तेही सांगीन. नाही म्हटले तं दुसरी पाहा म्हणीन.

अन् तुले वचन देते, ताई. जी कोणी विचारीन, तिले सगळ्यात आधी मीच सांगीन माझं. दुखलं तं दुखलं म्हणीन, भेव लागलं तं भेव लागलं म्हणीन. बाया हसल्या तं हसू दे. सुपरवायझर आहे म्हणून "मस्त आहे" असं कधी म्हणणार नाही.

तुझ्या बाजूच्या मशीनवरची,
प्रणाली