उंबरठ्यावरचा डाव

५ जून १९९५, सोमवार

सून घरात येऊन पंधरा दिवस झाले. बोलणं एकूण पाच शब्दांचं. चहा, पाणी, हो, नाई, अन् अत्तम्मा, म्हणजे सासूबाई. तिले मराठी येत नाई, मले तेलगू येत नाई. लग्न ठरवताना सगळे म्हणे, जात एक हाय, बोलीचं काय, येऊन जाईन. कवा येईन? पोरगा महिपत सहा दिवस आदिलाबादले कापसाच्या जिनिंगात, चौघांच्या खोलीत राहाते. रविवारी येते अन् झोपते.

आज दुपारी भाकरी झाल्यावर पाहिलं तं पद्मिनी पडवीत पत्ते मांडून बसली. माझ्या घरात पत्ते! झटक्यात एक उचलला. त्याच्यावर चड्डी घातलेला नागडा बाप्या, झिपऱ्या खांद्यापर्यंत. दुसरा उचलला, तोही तसाच. मी म्हटलं, हे काय थेर हाय वं?

ती घाबरली. मंग दंड थोपटून दाखवला. "कुस्ती, अत्तम्मा. कुस्ती."

पैलवान हायेत म्हणे. तिच्या धाकट्या भावानं पेटीत घालून देले. बाकी पोरी साड्या आणतात.

७ जून, बुधवार

खेळ शिकली. त्यात शिकाचं काय हाय, म्हैसही शिकन.

पत्ते निम्मे-निम्मे वाटाचे. आपला गठ्ठा हातात पालथा धराचा, वरचा एकच पाहाचा. दर पैलवानाखाली लिहेल हाय: वजन, उंची, छाती, कुस्त्या किती जिंकल्या, नंबर कितवा. ज्याची पाळी त्यानं एक बाब बोलाची. दोघींनी वरचा पत्ता टाकाचा. ज्याचा आकडा मोठा त्यानं दोन्ही उचलाचे, अन् पुढंही त्यानंच बोलाचं. हारला त्यानं गुमान पत्ता द्याचा. सारखे आले तं मधात ठेवाचे, पुढचा जिंकणारा तेही नेते.

इंग्रजी आकडे मले येतात. काट्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय मी कापूस कोणाले देत नाई.

मी वजनच बोलत गेली. एका टकल्याचं निघालं चारशे अडुसष्ट. पावणेपाच क्विंटल! मी म्हटलं, माणूस हाय का भरली बैलबंडी? मी दोन्ही हातानं बंडी दाखवली तं पद्मिनी हसली. पहिल्यांदा हसताना पाहिली. दात चांगले हायेत.

९ जून, शुक्रवार

भांडण झालं. तिनं बाब बोलली, नंबर. माझा पैलवान बावीस, तिचा एक. मी दोन्ही उचलले. तिनं माझा हात धरला.

"काऊन वं? बावीस मोठे का एक मोठा?"

ती मान हालवून राह्यली. नाई म्हणजे नाई. मंग उठली, फळीवरचे गडवे काढले अन् एका ओळीत मांडले. पहिल्याले हळद-कुंकू लावलं, अन् बोट दाखवलं. बरं. पहिला मान ज्याचा तो मोठा. नंबराले उलटं असते. पण हे आधी सांगाचं ना! तसं मी म्हटलंही.

तं ती म्हणते, "अत्तम्मा ऐकत नाई."

तिचं पहिलं पुरं मराठी वाक्य. तेही माझ्याच गाऱ्हाण्याचं.

११ जून, रविवार

महिपत म्हणते, ते पौंड हायेत आई, किलो नाई. पौंड किलोच्या निम्म्यालेही नाई पुरत. म्हणजे टकल्या दोन क्विंटलचा. तरीही भारीच.

१४ जून, बुधवार

आज चार डाव. चारी माझे.

१९ जून, सोमवार

कपाशीचं बी टोबून झालं. कामाच्या बाया गेल्यावर त्यातली सोजरबाई मागं थांबली, दुसऱ्याच्या घरात डोकावाले. "काय वं वच्छले, सासू-सून जुगार खेळून राह्यल्या म्हणे?" मी म्हटलं, बस, तुलेही दाखवते. तिले नंबराचं उलटं सांगितलंच नाई. दहा मिनिटांत तिच्या हातात एक पत्ता नाई राह्यला. पद्मिनी पदर तोंडात घालून हसली.

आता मी तेलगूत बोलते. वजन म्हणजे बरुवु, उंची म्हणजे एत्तु. ती मराठीत बोलते. आज तिनं सांगितलं का माहेरी निर्मलले गल्लीतले सगळे पोट्टे हिच्याशी हारत. मी म्हटलं, गल्लीत हारत असन, इथं मी हाय.

दुपार कवा होते याची वाट पाहते मी. कोणाले सांगाची गोठ नाई ही.

२५ जून, रविवार

तिचे वडील नरसिंगराव आले, न्याले. हिंदीत म्हणतात, आषाढ लग रहा है, हमारे में नई बहू और सास एक चौखट पार नहीं करते. आमच्याकडेही नवी सून आखाडात माहेरी जाते, पण सणाची म्हणून जाते. इथं तं सासूचा उंबरठाच नको! म्हणजे मी काय इटाळ हाय? महिपतचे बाबा म्हणे, जाऊ दे, रीत असते. यायले सगळंच जाऊ द्याचं असते.

निघताना पद्मिनीनं पत्ते काढले. सगळ्यांसमोर निम्मे मले वाटले, निम्मे पेटीत घातले.

सोजरबाई फाटकापाशी होतीच. "आता काही येत नाई ती. भीमपूरच्या देवकाबाईची सून अशीच गेली, तिसरा आखाड लागला."

९ जुलै, रविवार

महिपत निर्मलहून तोंड पाडून आला.

"काय म्हणते?"

"काही नाई."

"कवा येते?"

"इचारलं नाई."

बापावर गेला. ती येणार नाई असं याच्या तोंडावर लिहेल हाय अन् यानं इचारलं नाई! आता मीच जाते. रीत-गीत मी पाहून घेईन. घेऊनच येते तिले.

१६ जुलै, रविवार

निर्मलले जाऊन आली. आपल्या बेल्याहून पहिली गाडी, आदिलाबादले बदलली. इच्चोड्याले ड्रायव्हर चहाले उतरला तो अर्धा घंटा. मी खिडकीतून ओरडली तवा आला.

दारात पोचली तं विहीणबाई दमयंती दोन्ही हात आडवे करून उभी. पाया पडली, पण आत येऊ देलं नाई. बाहेर लिंबाखाली बाज टाकली. मी म्हटलं, बाज नको. उंबरठ्याच्या बाहेर, जमिनीवर बसली. पद्मिनी आली अन् आतून बसली. मधात उंबरठा. तिनं पत्ते काढले, मी पिशवीतून माझे काढले.

पहिला डाव हारली. दुसरा हारली. माझ्या वरच्या पत्त्यात काय हाय हे जसं तिले दिसूनच राह्यलं. कोणता पत्ता कोणाच्या मागं गेला, सगळं ध्यानात. सात डाव, सातही तिचे.

मंग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"घरी मले जिंकू देत होती का वं?"

"हो."

"काऊन?"

तिनं शब्द जुळवले. "तुमी हारल्या का उठून जाता. पहिल्या दिवशी गेल्या होत्या. मंग मी एकटी."

मले आठवेना. पण मी तशीच हाय, म्हणजे गेली असन.

मी उठाले लागली तं ती म्हणाली, "उठू नका. माझी पाळी हाय. ऐका." अन् आतून एक कागद आणला. मास्तरणीच्या ट्रेनिंगात तिचा नंबर लागला, निजामाबादले. दोन वर्षं, तिथंच होस्टेलात राहाचं. लग्नाच्या आठ दिवस आधी कागद आला, बापानं ट्रंकेत टाकला, आमाले सांगितलंच नाई. महिना संपाच्या आत हजर व्हा लागते. बाप म्हणते, सासूले इचार. महिपत म्हणते, आईले इचार. सगळे माझ्यावर ढकलून मोकळे.

"आता तुमी बोला," ती म्हणाली.

मी घ्याले गेली होती. कापूस येचाले माणूस पाहिजे, दुपारले माणूस पाहिजे. गाडीचा टाइम झाला म्हणून उठली. हारून उठून आली, ती म्हणाली तशीच.

१८ जुलै, मंगळवार

निंदण चालू हाय. आज बायांवर तीनदा ओरडली. सोजरबाई म्हणते, सुनेचा राग आमच्यावर काऊन काढतं? म्हटलं, तू तण काढ.

दोन वर्षं म्हणजे दोन येचण्या.

२१ जुलै, शुक्रवार

दुपारी परत आणलेल्या निम्म्या पत्त्यांचे एकटीनंच दोन गठ्ठे केले अन् दोन्हीकडून खेळली. काही मजा नाई.

तिनं पुढची पाळी मले देली, अन् मी घरी येऊन बसली. असं कोणी खेळते का?

२८ जुलै, शुक्रवार

आखाड सरला. सून आली नाई. सकाळीच सोजरबाई दारात. "मी म्हणली नव्हती?" म्हटलं, आली नाई असं नाई, मी येऊ देली नाई. मंगळवारी निर्मलले जाऊन मीच तिले निजामाबादच्या गाडीत बसवून आली.