बाळाण्णानं बसवलेला कॅट

३ नोव्हेंबर
सुरजला दवाखान्यातनं घरी आणलं. पायात सळी. जिना चढवताना आईनं धरलं, मी मागं पिशव्या घेऊन. आई माझ्याकडं बघत न्हाय. तवंदी घाटात सुरजच्या गाडीचं स्टिअरिंग माझ्या, त्याच्या बहिणीच्या हातात होतं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. गाडी चढाला एकदम मेली, पाय पूर्ण दाबला तरी सरकंना, आणि मागनं ट्रक... कोण ऐकतंय.

५ नोव्हेंबर
बाळाण्णा शहाळी घेऊन आलता. उद्यमबागेत गॅरेज त्याचं. सुरजच्या गाडीला ताकद वाढवायचा टर्बो त्यानंच घातला, सायलेन्सरातला धूर साफ करायचा कॅटबी त्यानंच बदलला. आईला म्हणाला, "गाडीत कायबी दोष न्हाय वैनी. असली ताकदीची गाडी बायकांच्या हातात द्यायची नसती."
माझ्यासमोर. त्याच्यासाठी ठेवलेला चहा मोरीत ओतला.

८ नोव्हेंबर
घरचा कापडाचा लूम बंद ठेवून वडगावला वेल्डरकडं गेले, आमच्या गाडीचा कॅट कापून घेतला. आतली जाळी वितळून गोळा झालेली, तुकडे सुटून तोंडाशी अडकलेले. धूर जायला वाटच न्हाय. इंजिन घुसमटून मेलं.
साध्या गाडीचा स्वस्तातला माल. "तीनशे हॉर्सपॉवरलाबी ह्याला काय होत न्हाय," म्हणून सुरजला टाळी दिलती बाळाण्णानं. मी तिथंच होते.
सुरजला दाखवलं. तो रडला. मला रडू आलं न्हाय.

१० नोव्हें.
कापलेला कॅट नेऊन बाळाण्णाच्या टेबलावर ठेवला, गिऱ्हाइकं बसलेली असताना. त्यानं हातसुद्धा लावला न्हाय. पाय सारखा ॲक्सिलेटरवर ठेवला की कुठलाबी वितळणारच, म्हणाला. मग हसून, "आक्का, तुम्ही लूम सांभाळा." बाकीचे पण हसले.
ह्याला सोडायचं न्हाय.

१४ नोव्हें.
सुरजच्या मित्रानं सांगितलं, बाळाण्णानं जावयाच्या गाडीलाबी तसाच टर्बो आणि तोच कॅट बसवलाय. लेक अश्विनी, एकुलती. निपाणीला दिली.
मनात आलं, बरं झालं. स्वतःशी खोटं कशाला लिहू.

२० नोव्हें.
त्या जावयाचा, निखिलचा फोन. सुरजची चौकशी केली, मग मुद्द्यावर आला. "आक्का, चढाला गाडी दम धरंना. खालनं खडखड वाजतंय. मामा म्हणत्यात काय न्हाय, चालव."
आमचीबी अशीच वाजत होती.
मला काय कळतंय रं गाडीतलं, म्हटलं. सासऱ्यालाच विचार.
सुरज ऐकत होता. "सांग त्याला आक्का."
तू तुझा पाय बघ आधी, म्हटलं. जेवला न्हाय तो. माझाबी धागा दिवसभर तुटत होता.

२१
न्हाय सांगितलं. बाळाण्णानं यावं, आईसमोर म्हणावं, "चूक माझी." मग सांगते. आधी न्हाय.

२३ नोव्हें.
दुपारी बाळाण्णाचा फोन. आवाज वळखू येईना. निखिल आणि अश्विनी सकाळीच निपाणीहून तवंदी घाटातनं इकडं यायला निघालीत, दोघंबी फोन उचलंनात.
"तुमची गाडी बंद पडायच्या आधी खडखड वाजत होती काय?"
ह्या प्रश्नाची किती वाट बघितली. उत्तरबी पाठ होतं.
"बायकांना काय कळतंय अण्णा."
ठेवला फोन.
सुरज कुबडीवर दारात उभा.
वाटलं तसं बरं वाटंना.
निखिलचा नंबर लावला. रिंग जातेय, उचलत न्हाय. अश्विनीचा नंबर माझ्याकडं न्हाय, तो बाळाण्णाकडं.
त्यालाच लावला. एंगेज.
परत लावते.