भोक पाडलेला बादशहा

कल्याण, कार्तिक वद्य पंचमी

खाडीकाठी मिळालेलं माझं सोन्याचं रोमन नाणं आज ठाण्याच्या साहेबांना दाखवलं. त्यांचाही नाण्यांचा संग्रह आहे. काठावरची अक्षरं जुळवून मी त्यावरचा बादशहा बरोबर ओळखला होता, ते त्यांनी मान्य केलं. पण म्हणाले, "भोक पाडून वाया घालवलंय."

वाया? भोक नेमकं डोक्याच्या वर आहे, चेहऱ्याला धक्का नाही. गळ्यात घातल्यावर बादशहा सरळ दिसावा म्हणून. इथल्याच कुणा बाईने ते माळेतल्या पुतळीसारखं मिरवलं असणार.

घरी ही म्हणाली, "वायाच गेलंय तर आटवून मला नथ करा."

नाही आटवणार. साहेबांचे बिनभोकाचे बादशहा रोमच्या बोटीतून उतरले आणि तसेच हंड्यात पुरले गेले. माझा कल्याणात नांदला.