डबा रिकामा परत करू नये

आवडी, चेन्नई
१८ सप्टेंबर २०२४

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन आला की मकरंद तो स्पीकरवर टाकतो आणि सगळे घर आपले बोलणे ऐकते, म्हणून खरे काय ते पत्रातच लिहिते. मला इन्शुलिन सुरू झाले. आता गोळ्यांवर भागणार नाही, असे अण्णा नगरच्या डॉक्टरांनी सांगितले. पहिल्या दिवशी सिरिंज हातात घेतली तेव्हा मला दरदरून घाम फुटला आणि सूनबाई, आमची भव्या, तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. आता सवय झाली. टोचणे सोपे आहे गं, टोचून झालेल्या सुईचे काय करायचे हेच अवघड.

मी आपली कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकत होते. आमच्या क्वार्टर्समध्ये कचरा न्यायला धनलक्ष्मी येते. ओला-सुका नीट वेगळा केलेला नसला की बिचारी हातानेच निवडते. परवा तिने पिशवी उचलली आणि कागद फाडून एक सुई बाहेर डोकावली. तिला वेळीच दिसली म्हणून बरे. तिने नुसती पिशवी माझ्यापुढे धरली. मधू, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

भव्याने लगेच दवाखान्यातल्या कीर्तना नर्सला फोन केला. ती म्हणाली, टणक आणि घट्ट झाकणाच्या डब्यात टाकत जा, पाऊण भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून आम्हाला आणून द्या, दवाखान्याच्या सुयांबरोबर तेही जाईल. भव्याने त्यासाठी कपडे धुण्याच्या साबणाची एक जाड प्लास्टिकची बाटली काढून दिली. पण तिचे झाकण माझ्या बोटांना फिरत नाही. मी गुपचूप दुसरा डबा धरला आहे आणि तो फळीवर इतर डब्यांच्या मागे ठेवला आहे. नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडला की हळदीकुंकवाला आलेल्या बायका स्वयंपाकघरापर्यंत येतात. कुणाला कशाला कळायला हवे?

तुझी तब्येत कशी आहे? मागच्या फोटोत वाळलेली दिसलीस. दिवूला गोड पापा. माया आहेच, ती पत्राने कळवत जा.

तुझी,
विमलाताई

*

सोलापूर
२७ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी काळजी वाटली आणि मग हसू आले. पायातला काटा काढायला आई सुई घेऊन आली की तू गच्चीत जाऊन कडी लावायचीस. तीच तू आता रोज स्वतःला टोचून घेतेस म्हणजे नवलच.

धनलक्ष्मीचे वाचून मात्र अंगावर काटा आला. ताई, एक ऐक. सुईला टोपण परत घालायच्या फंदात पडू नकोस, तिथेच बोटाला लागते. टोचून झाले की सिरिंज थेट डब्यात. आणि डब्यावर ठसठशीत अक्षरांत लिही, वापरलेल्या सुया म्हणून. लाजू नकोस. मला हे आमच्या समोरच्या बंगल्यातल्या बाईंकडून कळले. त्याही घेतात इन्शुलिन. पोटावर टोचताना रोज जागा बदलावी, नाहीतर गाठ येते, असेही त्या सांगत होत्या.

आमच्याकडे संकेतची कामाची धावपळ चालूच आहे. आमची सूनबाई प्राची सकाळच्या शाळेत शिकवायला जाते, तेवढा वेळ दिवू माझ्या गळ्यात. तीन वर्षांचीच आहे, पण झाकण दिसले की उघडलेच म्हणून समज. मी वाळले वगैरे काही नाही, फोटोच लांबून काढलेला होता.

आता माझी तक्रार. शेंगाचटणी भरून पाठवलेला माझा डबा तू उन्हाळ्यापासून अडकवून ठेवला आहेस. डबा रिकामा परत करू नये हे आईचे वाक्य तू पाळतेस, पण डबाच परत करू नये असे ती कधी म्हणाली नव्हती. दिवू रोज विचारते, चेन्नईच्या आजीची चकली, तो मुरुक्कू, कधी येणार?

थोरलेपणाचा हात डोक्यावर असू दे आणि रागावू नकोस.

तुझी,
मधू

*

आवडी, चेन्नई
१५ ऑक्टोबर २०२४

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सुखरूप आहेस, दिवू सुखरूप आहे. हे मी आधी लिहून घेते, मग बाकीचे सांगते.

तुझा चटणीचा डबा अडकला होता कारण माझ्या सुया त्यातच होत्या. त्याचे झाकण माझ्या बोटांना सहज फिरते. दसऱ्याआधी तो पाऊण भरला, मी चिकटपट्टीने गच्च बंद केला आणि दवाखान्यात न्यायला म्हणून पुढे काढून ठेवला. वर काही लिहिले नाही. तू सांगितले होतेस, तरी लिहिले नाही. घरात कोलूच्या बायकांचे येणे-जाणे चालू होते ना.

मकरंदच्या कारखान्यातले विद्याधर रविवारी एग्मोर स्टेशनवरून सोलापूरला निघाले. मी देवळात गेले होते. जाता जाता ते विचारायला आले, सोलापूरला काही द्यायचे आहे का? भव्याने बघितले, सोलापूरचा डबा, भरलेला, वर चिकटपट्टी. सुया तर साबणाच्या बाटलीत पडताहेत अशीच तिची समजूत. तिच्या माहेरी तंजावरलाही भांडे रिकामे परत करत नाहीत. तिने मोठ्या कौतुकाने डबा त्यांच्या हातात दिला. तिचे काय चुकले, सांग.

काल सकाळी दवाखान्यात न्यायला म्हणून बघते तर डबा नाही. भव्याने डबा कुठे गेला ते सांगितले आणि मी फोनकडे धावले. डोळ्यांपुढे दिवूच दिसत होती. विद्याधरांचा फोन लागेना, तुझा नुसता वाजत राहिला, संकेत उचलेना. मकरंदही कामावरून एकसारखे फोन लावत होता. भव्या रडत होती आणि मी तिला धीर द्यायचा सोडून देव पाण्यात ठेवून बसले होते. अखेर दुपारी प्राचीने फोन उचलला. डबा आला आहे, उघडलेला नाही, आईंनी तो आपल्या कपाटात कुलपात ठेवला आहे, असे तिने सांगितले. तिच्या तोंडात साखर पडो म्हणणार होते, पण आपल्या घरात आता तेही म्हणायची चोरी.

मधू, तू तो उघडला का नाहीस? तुला कसे कळले? ते तेवढे सविस्तर लिही. तोवर माझा जीव टांगणीला आहे. तुझ्या मायेवर माझा भार आहे, तो सांभाळ.

तुझी,
ताई

*

सोलापूर
२१ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विद्याधर दारात आले तशी दिवू धावली आणि त्यांनी डबा तिच्याच हातात दिला. ती फरशीवर बसून नखांनी चिकटपट्टी उकरायला लागली. म्हटले, आण, आजी उघडून देते. डबा उचलला आणि तो आतून वाजला.

ताई, मुरुक्कूचा आवाज असा नसतो. कॉफीची पूड तर वाजतच नाही. हा आवाज मी रोज सकाळी ऐकते. माझ्या खाटेखाली, शिवणाच्या सामानामागे फरसाणाचा जुना डबा आहे, त्यातून असाच येतो. समोरच्या बंगल्यात कुणीही राहत नाही, दोन वर्षे कुलूप आहे. त्या बाई म्हणजे मीच. चैत्रापासून घेते.

तुला कळवले असते तर तू तिकडे रडत बसली असतीस. प्राचीला सांगितले असते तर तिने दिवूला सांभाळायचे माझ्याकडून काढून घेतले असते, अशी भीती वाटली. दवाखान्यात गुपचूप एकटीच जात होते, सुया कुठे द्यायच्या हे विचारायचीही लाज वाटली. म्हणून साठवत राहिले. पण दिवूची बोटे तुझ्या डब्याच्या चिकटपट्टीवर पाहिली आणि मला खाटेखालचा माझाच डबा आठवला. तुझा डबा निदान बंद होता. माझा उघडाच होता, आणि तो रोज तिच्या हाताच्या अंतरावर होता. किती दिवस देवानेच राखले. फोन वाजत होता तेव्हा मी दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसले होते, उचलायचे भानच नव्हते.

त्या रात्री दोन्ही डबे प्राचीपुढे ठेवले आणि सगळे सांगून टाकले. ती चिडली, पण सुयांवरून नाही, एकटीने सोसले म्हणून. मग माझ्या गळ्यात पडून रडली. दिवू अजून माझ्याकडेच आहे. दुसऱ्या दिवशी संकेतने दोन्ही डबे एकाच पिशवीत घालून दवाखान्यात पोचते केले. आता नवी जाड बरणी कपाटात वरच्या कप्प्यात आहे आणि तिच्यावर प्राचीने लाल शाईने लिहिले आहे. मला सहा महिन्यांत पहिल्यांदा शांत झोप लागली. भव्याला सांग, तिच्यावर माझा राग नाही, उपकारच आहेत तिचे.

माझा तो चटणीचा डबा आता खाण्याच्या कामाचा राहिला नाही, म्हणून तो दवाखान्यातच सोडला. विद्याधर परत निघताहेत, त्यांच्याबरोबर नवा डबा पाठवते. यात शेंगाचटणीच आहे, निर्धास्त उघड. तू मोठी आहेस, तर ओरड, पण आता रोजची साखर एकमेकींना कळवत जाऊ.

आणि हा डबा रिकामा परत करू नकोस. फक्त आत काय भरले आहेस, ते झाकणावर लिही.

तुझी,
मधू